हेली हिलचे रिकामे देवालय

अभ्यासाकरिता वचनभाग : २ राजे १२:४–१६, लूक १४:२८–३०

शलमोनाने यरुशलेमेत मंदिर बांधले ही गोष्ट आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलांसही ठाऊक असते. त्यातील गंधसरूचे लाकूड, सोन्याचा मुलामा, करुबांचे पंख हे सर्व ती मुले बोटांवर मोजून सांगतात. परंतु त्याच मंदिरास पुढे भेगा पडल्या, आणि योआश राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी याजकांनी त्या बुजविल्या नव्हत्या, ही गोष्ट वडील माणसांपैकी तरी कितीजण सांगू शकतील? शास्त्राने बांधणाऱ्याची नोंद ठेविली, तशी डागडुजी करणाऱ्याचीही ठेविली आहे. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले, ती वेदीजवळ उजव्या अंगास ठेविली, आणि तीत जमलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हाती दिला. त्या पैशातून रुप्याची पात्रे किंवा कर्णे केले नाहीत; लाकूड आणि घडीव दगड विकत घेतले.

या वचनभागाची टीका पुष्कळ पंडितांनी लिहिली आहे. परंतु आज ती ग्रंथातून न घेता इंग्लंडातील एका देवालयाच्या इतिहासातून घ्यावी असा माझा विचार आहे. ते देवालय अद्यापि उभे आहे. त्याचे शिखर गावाच्या चोहोंकडून दिसते. मात्र तेथे आता मंडळी नाही.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर प्रांतात हॅलिफॅक्स नावाचे शहर आहे. भोवताली उंच डोंगर, मधून वाहणारे ओढे, आणि त्या ओढ्यांच्या पाण्यावर प्रथम व नंतर वाफेच्या यंत्रांवर चाललेल्या लोकरीच्या गिरण्या, असे त्याचे एकोणिसाव्या शतकातील रूप होते. लांब तंतूची लोकर विंचरून, तिचे गुळगुळीत सूत काढून त्याचे कापड विणणे हा तेथील मोठा धंदा. या धंद्यात ॲक्रॉइड घराणे सर्वांत पुढे होते. एडवर्ड ॲक्रॉइड याचा जन्म १८१० साली झाला. बाप जोनाथन हा १८४७ साली वारल्यावर गिरण्यांचा सर्व कारभार त्याच्या हाती आला.

त्या काळी इंग्लंडात देवालये बांधण्याची एक मोठी लाट आली होती, तिचे कारण समजून घेतले पाहिजे. खेड्यांतील लोक लाखांनी गिरण्यांच्या शहरांत आले. जुनी देवालये मात्र जेथल्या तेथेच राहिली. इंग्लंडच्या स्थापित मंडळीत प्रत्येक गाव किंवा गावाचा भाग एका पाळकाच्या हाती सोपविलेला असतो, त्यास पॅरिश म्हणतात. हॅलिफॅक्सचे जुने पॅरिश तर इतके विस्तीर्ण होते की, डोंगरापलीकडच्या वाड्यावस्त्यांना मुख्य देवालयापर्यंत पायी येणे म्हणजे एका दिवसाची यात्राच होती. १८१८ साली पार्लमेंटाने नवी देवालये बांधण्याकरिता दहा लक्ष पौंड मंजूर केले. पुढे १८५१ च्या मार्च महिन्याच्या ३० तारखेस, रविवारी, सबंध इंग्लंड व वेल्समध्ये उपासनेस कितीजण येतात याची सरकारी मोजणी झाली. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे एक कोटी ऐंशी लाख होती. ज्यांना येता आले असते असे पन्नास लाखांहून अधिक लोक त्या दिवशी कोणत्याही उपासनेस आले नव्हते, असा अंदाज निघाला. आणि न येणाऱ्यांत मोठा भरणा मजुरांचा होता. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशास हा आकडा फार लागला. देवालये कमी, म्हणून लोक येत नाहीत, असा पुष्कळांनी त्याचा अर्थ केला. तो अर्थ कितपत बरोबर होता हे पुढील शंभर वर्षांनी दाखविले. मोजणीच्या दिवशी पुष्कळ बाके रिकामी होती हेही त्याच अहवालात होते, पण तिकडे लक्ष देण्यास कोणास सवड नव्हती.

ॲक्रॉइड हा त्या लोकांपैकी. त्याचे घराणे मूळचे स्थापित मंडळीबाहेरचे, मेथडिस्टांतील एका शाखेचे. परंतु तो स्वतः इंग्लंडच्या मंडळीत गेला. त्याच्याविषयी दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. तो श्रीमंत होता, आणि आपल्या शहरात आपला शब्द चालावा असे त्याला वाटत असे. परंतु पैसा नुसता साठविणारा तो नव्हे. कॉप्ले येथे त्याने मजुरांकरिता गिरणीजवळ वसाहत बांधली. पुढे हेली हिल नावाच्या चढणीवर, आपल्या घराशेजारीच, ॲक्रॉइडन हे दुसरे गाव वसविले. तेथील घरे मजुरांनी हप्त्याने विकत घ्यावी अशी योजना होती. घरांची धाटणी जुन्या गॉथिक पद्धतीची, टोकदार कमानींची असावी हा मालकाचा हट्ट. मजुरांस मात्र ती घरे धर्मार्थ अनाथगृहासारखी दिसतात, उजेड कमी येतो, असे वाटले व त्यांनी तसे बोलूनही दाखविले. तेव्हा प्रत्येक घराच्या दारावर दगडात त्या घरमालकाच्या नावाची आद्याक्षरे कोरून द्यावी अशी तोड निघाली, आणि लोक संतुष्ट झाले. मनुष्यस्वभाव यॉर्कशायरात काय आणि आपल्या घाटावर काय, सारखाच.

१८५९ साली त्याने यॉर्कशायर पेनी बँक स्थापिली. गरीब मनुष्याने एक पेनी म्हणजे पैसा-दोन पैसे घेऊन आले तरी त्याचे खाते उघडावे, हा तिचा नियम. ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली, आणि पुढे यॉर्कशायर बँक या नावाने ओळखली जाऊ लागली. हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे; कारण त्याच वर्षी त्याचे देवालयही पुरे झाले.

त्या देवालयाचे नाव ऑल सोल्स, म्हणजे सर्व आत्म्यांचे. १८५६ साली काम आरंभिले. सर्व खर्च ॲक्रॉइडने एकट्याने सोसला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा.

या स्कॉटविषयी थोडे विषयांतर केले तर वाचक क्षमा करतील, कारण मराठी ख्रिस्ती मनुष्यास त्याचे नाते दोन ठिकाणी लागते. ज्यांनी मुंबईस ओव्हल मैदानावरून विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पाहिला आहे, त्यांनी स्कॉटचेच काम पाहिले आहे. विद्यापीठाचे सभागृह व मनोऱ्यासह ग्रंथालय यांचे आराखडे त्याने इंग्लंडात बसून काढून पाठविले. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. मनोऱ्याचे काम १८६९ साली आरंभून १८७८ साली पुरे झाले, आणि त्याच वर्षी स्कॉटही वारला. त्याकरिता शेठ प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, व मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला तेव्हा हेच शेठजी धुळीस मिळाले होते. मनोरा मात्र त्यांनी आधी देऊन ठेविलेल्या देणगीवर उभा राहिला.

दुसरे नाते अधिक जवळचे. स्कॉटचा आजा टॉमस स्कॉट हा पवित्र शास्त्राचा नामांकित टीकाकार होता. चर्च मिशनरी सोसायटीचा पहिला चिटणीस तोच. नाशिकजवळचे शरणपूर वसले ते याच सोसायटीच्या श्रमाने. विल्यम केरी हा तरुणपणी चांभारकाम करीत असता टॉमस स्कॉटची प्रवचने ऐकत असे, आणि आपल्यावर त्यांचा मोठा उपकार आहे असे त्याने पुढे मान्य केले. त्याच केरीने श्रीरामपुरास मराठी व्याकरण १८०५ साली छापले व नवा करार १८११ साली मराठीत काढला. आजोबाने शब्दांनी बांधले, नातवाने दगडांनी. कोणाचे अधिक टिकले हे वाचक स्वतःच ठरवोत.

आता देवालयाकडे वळू. स्कॉटने सुमारे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाटणीवर ते रचिले. भिंती त्या भागातील वालुकाश्माच्या. कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, नक्षी व शिखर यांकरिता स्टीटली येथील फिकट रंगाचा चुनखडीचा दगड आणिला. आत रंगीत दगड, संगमरवर, घडीव लोखंडाचे काम. खिडक्यांतून त्या काळच्या उत्तम कारागिरांच्या रंगीत काचा. मूर्तिकाम जॉन बर्नी फिलिप याचे. मनोरा व त्यावरील शिखर मिळून उंची २३६ फूट. गिरणीतून दिवसभर खपून येणारा मजूर आत शिरला म्हणजे त्याच्या डोळ्यांस काय वाटत असेल याची कल्पना करा. घरी एक-दोन खोल्या, बाहेर धुराने काळवंडलेले आकाश, आणि येथे सकाळच्या उन्हात फरशीवर पडलेले तांबडे-निळे रंग. अशी शोभा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतच असावी, गरिबांच्या उपासनेत नसावी, असे मला वाटत नाही. या बाबतीत ॲक्रॉइडला दोष देणाऱ्यांत मी नाही.

स्कॉटने आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. त्या त्याच्या मरणानंतर १८७९ साली छापल्या गेल्या. त्यांत एकंदरीत हेच आपले सर्वोत्तम देवालय असे त्याने म्हटले आहे. परंतु लागलीच एक खंतही नमूद केली आहे. आरंभी एवढे भव्य देवालय बांधावयाचे ठरलेच नव्हते, पाया साध्या बेताने घातला, आणि मग बांधता बांधता मनसुबा वाढत गेला, असा तिचा आशय. लूकाच्या चौदाव्या अध्यायातील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आपण केवळ पैसा न पुरल्याचा समजतो. येथे पैसा पुरून उरला होता. अगोदर बसून विचार करावयाचा तेवढा राहिला.

मनसुबा का वाढला? हॅलिफॅक्सचे लोक याचे एक कारण सांगतात. शहरात ॲक्रॉइडच्या तोडीचे दुसरे घराणे क्रॉस्ली बंधूंचे. त्यांच्या गालिच्यांच्या गिरण्या जगप्रसिद्ध होत्या. ते काँग्रिगेशनल मंडळीचे. आपल्याकडील अमेरिकन मराठी मिशन ज्या परंपरेतून आले तीच ही. त्यांची आई मार्था मोठी भाविक बाई. नव्या गिरणीत प्रथम पाऊल टाकिले त्या दिवशी पहाटेच तिने नवस केला होता की, प्रभूने येथे बरकत दिली तर गरिबांसही तिची चव मिळेल. मुलांनी तो पुष्कळ अंशी पाळला. त्यांपैकी फ्रँक क्रॉस्ली याने १८५७ साली लोकांस एक मोठा बाग दिला. त्याच वर्षी क्रॉस्ली घराण्याच्या पैशाने शहराच्या सखल भागी स्क्वेअर चर्च हे काँग्रिगेशनल मंदिर पुरे झाले. त्यास उंच शिखर होते. त्याची उंची २३५ फूट.

वाचकांनी दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहावे. एक फुटाचे अंतर! ॲक्रॉइडने हे हेतुपुरस्सर केले असे हॅलिफॅक्समध्ये सांगतात. खरे-खोटे देव जाणे. पण टेकडीवरचे शिखर सखल भागातील शिखराहून तसेही उंचच दिसणार होते, मग त्या एका फुटाची गरज काय होती, असा प्रश्न मनात येतो. आपण हसतो खरे. परंतु एका गावात दोन मंडळ्या असल्या म्हणजे एकीने कर्णा लावला की दुसरीने दोन लावावयाचे, एकीने नाताळास मांडव घातला की दुसरीने कमान उभारावयाची, हे आपण पाहत नाही काय? वर्गणी मागताना छप्पर गळते असे सांगितले तर हात आखडतो. पलीकडच्या मंदिरास नवा मनोरा झाला असे सांगितले तर तोच हात मोकळा होतो.

आता दगडाची गोष्ट. ती मी जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळजण स्वतः घरे बांधतात आणि ती त्यांना चांगली कळेल.

दगडी कोळसा जळतो तेव्हा त्यातील गंधक धुराबरोबर वर जाते व पावसात मिसळून आम्ल होते. चुनखडीचा दगड आम्लात विरघळतो. लिंबाचा रस चुनखडीवर टाकिला तर फसफसतो, तोच प्रकार. स्टीटलीचा दगड चुना व मॅग्नेशिया यांनी बनलेला. स्वच्छ हवेत तो शतकानुशतके टिकावयाचा. परंतु हॅलिफॅक्सच्या शेकडो धुराड्यांखाली तो पोखरला जाऊ लागला. एवढ्याने भागले असते तरी बरे. विरघळलेला अंश पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळून भिंतीतील वालुकाश्मात मुरे. पाणी वाळले की त्याचे क्षार आतल्या आत स्फटिक होऊन फुगत, आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटत. दोन्ही दगड आपापल्या जागी चांगले होते. एकमेकांशेजारी, त्या हवेत, ते एकमेकांच्या नाशास कारण झाले. लंडनचे पार्लमेंटगृहही याच जातीच्या दगडाचे. त्याचीही झीज इतक्या लवकर दिसू लागली की, १८६१ साली तिच्या चौकशीकरिता समिती नेमावी लागली. पण तोवर हेली हिलचे शिखर चढून दोन वर्षे झाली होती.

यातील शोचनीय भाग असा की, तो धूर परक्याचा नव्हता. ज्या गिरण्यांच्या नफ्यातून देवालय उभे राहिले, त्याच गिरण्यांच्या धुराड्यांतून त्याचा क्षय निघत होता. ॲक्रॉइड दर रविवारी देवालयात जाई, आणि सोमवारी त्याची धुराडी पुनः पेटत. यात कोणी पाप केले असे मी म्हणत नाही. मजुरांची पोटे त्याच धुराड्यांवर चालत होती. परंतु एका हाताने आपण जे उभारतो ते दुसऱ्या हाताने कसे खात असतो, हे कळण्यास कधी कधी एक पिढी पुरत नाही, हे मात्र खरे.

ॲक्रॉइडचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. तो १८६५ पासून १८७४ पर्यंत हॅलिफॅक्सच्या वतीने पार्लमेंटात होता. पुढे धंदा खालावला, प्रकृती बिघडली, आणि तो दक्षिणेस समुद्रकिनारी सेंट लेनर्ड्‌स येथे जाऊन राहिला. तेथेच १८८७ साली वारला. मूलबाळ नव्हते. एके काळी हजारो मजुरांचा पोशिंदा असलेल्या या गृहस्थामागे फारच थोडी मालमत्ता उरली. त्याचा टोलेजंग वाडा नगरपालिकेने विकत घेतला. तेथे पुढे सार्वजनिक संग्रहालय झाले. त्याचा पुतळा नदीवरील पुलाजवळ होता, तो हलवून नंतर देवालयाजवळ आणिला.

आणि देवालय? ज्याने ते बांधिले त्याने त्याच्या डागडुजीकरिता पुरेशी तरतूद मागे ठेविली नव्हती. ठेवावयास त्याच्यापाशी शेवटी काही राहिलेच नव्हते. एका धनिकाच्या खिशातून बांधलेले मंदिर गिरणी-मजुरांच्या वर्गणीवर सांभाळावयाचे आले. शिखराचा एक दगड बदलावयाचा तर आधी २३६ फूट परांची बांधली पाहिजे. पुढे गिरण्याही एकामागून एक बंद पडत गेल्या, लोक दुसरीकडे गेले, आणि जे राहिले त्यांतील थोडेच उपासनेस येत. पडणाऱ्या दगडांची भीती उत्पन्न झाली. अखेरीस १९७७ साली ऑल सोल्स उपासनेकरिता बंद झाले. पायाभरणीपासून अवघ्या एकशे एकवीस वर्षांत.

हे एकच उदाहरण नव्हे. इंग्लंडच्या मंडळीने १९६९ पासून आपली दीड हजाराहून अधिक देवालये अनावश्यक ठरवून बंद केली आहेत. काहींची घरे झाली, काहींत दुकाने वा व्यायामशाळा, काहींत अन्य धर्मीयांची उपासना चालते, काही पाडली. जी इमारत म्हणून फार मोलाची आहेत ती सांभाळण्यासाठी त्याच १९६९ साली एक निधी स्थापन झाला; मंडळी व सरकार दोघेही त्यास पैसा देत आले आहेत. हेली हिलचे देवालय पाडावे की राखावे यावर मोठा वाद झाला. पाडण्याच्या पक्षाचे म्हणणे, मंडळीने नसलेल्या मनोऱ्यापायी कर्जबाजारी का व्हावे? राखण्याच्या पक्षाचे म्हणणे, असे काम पुनः होणे नाही. शेवटी इमारतीकरिता विश्वस्त मंडळ झाले, देणग्या व सार्वजनिक पैसा मिळून शिखराची दुरुस्ती झाली, आणि १९८९ साली ते देवालय वर सांगितलेल्या निधीच्या स्वाधीन करण्यात आले. अशा देवालयांचे पवित्रीकरण रद्द केलेले नसते. प्रसंगोपात्त तेथे उपासना होऊ शकते. पाहावयास लोक येतात. काचांतून तांबडे-निळे ऊन अजून फरशीवर पडते.

क्रॉस्लींच्या स्क्वेअर चर्चची दशा याहून वाईट झाली. ते १९६९ साली बंद पडले, पुढे आगीत सापडले, आणि बहुतेक सारी इमारत पाडून टाकावी लागली. २३५ फुटांचे शिखर तेवढे राहिले. २०१७ साली नगराचे नवे ग्रंथालय त्यास लागूनच उघडले. म्हणजे ज्या दोन शिखरांत एका फुटाची स्पर्धा झाली ती दोन्ही आज उभी आहेत, आणि दोहोंखालीही रविवारची मंडळी नाही. योगायोग असा की, स्क्वेअर चर्च बंद झाले त्याच्या पुढल्याच वर्षी, १९७० च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस, आपल्या नागपुरास अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरेच्या, आणि दुसऱ्याही कित्येक मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. ॲक्रॉइड व क्रॉस्ली यांच्या पणतवंडांच्या काळी, त्यांच्या मंडळ्यांची हिंदुस्थानातील लेकरे एका छपराखाली आली.

उपदेशक बंधूंनो, आता हा पाठ आपल्या गावात आणावयाचा आहे. आपल्याकडील पुष्कळ मंदिरे एकोणिसाव्या शतकात किंवा विसाव्याच्या आरंभी मिशनच्या पैशाने झाली. सागवानी तुळया, जाड दगडी भिंती, वर मंगलोरी कौले. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढिला, तेव्हापासून ही कौले आपल्या देशात घरोघर गेली. बांधणारे मिशनरी साहेब आता नाहीत, मिशनची वर्षासनेही बहुतेक ठिकाणी थांबून पुष्कळ दिवस झाले. कौले सरकली आहेत, पावसाळ्यात वासे भिजतात, वाळवी लागते. आणि पंचमंडळीत विषय निघाला की प्रत्येकाचे मुख शहराकडे किंवा समुद्रापलीकडे वळते. ज्यांनी बांधले त्यांनीच येऊन सावरावे असे आपण तोंडाने म्हणत नाही. मनात मात्र असते. योआशाच्या याजकांचेही बहुधा असेच झाले असावे. शलमोनाने बांधले, दाविदाच्या घराण्याने पाहावे, आम्ही धूप जाळू.

येथे एक शंका काढली जाते, आणि ती विचार करण्याजोगी आहे. मंदिर म्हणजे दगडमाती. देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही हे आपणच शिकवितो. मग भिंत पडली तर पडो, मंडळी म्हणजे माणसे. यात सत्य आहे, आणि खुद्द शलमोनाने अर्पणाच्या दिवशी तेच कबूल केले होते. १ राजे ८ मध्ये त्याची प्रार्थना वाचा. हेली हिलची मंडळी देवालय सोडून गेली म्हणून तिच्यातील विश्वासी मेले नाहीत, त्यांनी दुसरीकडे प्रभूची स्तुती केली. त्यामुळे कोणत्याही मंडळीने जुनी इमारत सोडणे हे सर्वथा अविश्वासाचे लक्षण, असे मी शिकवणार नाही. जेथे चार घरे उरली आहेत आणि मनोरा डोक्यावर कोसळण्याच्या बेतात आहे, तेथे ओसरीवर बसून प्रार्थना करणे हेच शहाणपण. परंतु ही शंका काढणारा मनुष्य स्वतःच्या घराची कौले मिरगाच्या आधी चाळून घेतो की नाही, हेही पाहावे. घेत असेल, तर त्याची शंका तत्त्वज्ञानाची नव्हे, पैशाची आहे.

यहोयादाच्या पेटीत आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. पैसे कोणी एकट्याने मोजले नाहीत. राजाचा लेखक आणि मुख्य याजक दोघे येत, मोजून थैल्यांत भरीत, आणि काम करविणाऱ्यांच्या हाती देत. त्या कारभाऱ्यांजवळ पुढे हिशेब मागितला नाही, कारण ते विश्वासूपणे वागत, असे लिहिले आहे. हा शेवटचा भाग दाखवून हिशेब टाळणारे पंच मी ऐकले आहेत. त्यांनी त्याआधीचा भागही वाचावा. मोजणी दोघांनी केली होती म्हणूनच कारभाऱ्यांवर विश्वास टाकता आला. ॲक्रॉइडच्या पेनी बँकेत पैसा-पैसा टाकणारा मजूर ज्या भरवशाने येत असे, तो भरवसा खातेपुस्तकात आकडा लिहून मिळे म्हणून होता. त्याने दिलेल्या दोन गोष्टींपैकी एक शिखर, दुसरी ही बँक. शिखर त्याने एकट्याने दिले, आणि ते लोकांस पेलवले नाही. बँकेत मात्र लोकांनी स्वतःचे पैसे घातले.

पुढील रविवारच्या वर्गाकरिता उपदेशकांनी असे करावे. २ राजे १२ वा अध्याय सावकाश वाचून घ्यावा. मुलांकडून पाटीवर दोन शिखरे काढवावी, एक २३५ व एक २३६; त्यांना गंमत वाटेल आणि आकडे लक्षात राहतील. ज्यांच्या मंडळीत लोक मुंबईस जाऊन-येऊन आहेत त्यांनी राजाबाई मनोऱ्याचा उल्लेख करावा. नंतर प्रौढांच्या वर्गात आपल्या मंदिराच्या छपराचा गेल्या तीन वर्षांचा खर्च कोणत्या वहीत लिहिला आहे ती वही उघडून वाचावी. वही नसेल तर दोन माणसे नेमून त्याच दिवशी नवी करावी, आणि एक पेटी सुताराकडून करवून घ्यावी. झाकणास भोक एवढे असावे की त्यातून एक रुपयाचे नाणेही जाईल आणि घडी केलेली नोटही.